सर विल्यम ब्रॅग

दवाखान्याच्या औषधालयात फळ्यांवर ओळीने मांडून ठेवलेल्या बरण्या आणि बाटल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांपैकी कित्येकींत नुसती पांढरी पूड असते. एक पूड ताप उतरविते, दुसरी झोप आणते, तिसरी प्रमाणाबाहेर पोटात गेली तर प्राणावर बेतते. आणि डोळ्यांस मात्र तिन्ही सारख्याच दिसतात. बरणीवरची चिठ्ठी पावसाळ्यात भिजून पुसली गेली, किंवा एकीची चिठ्ठी दुसरीवर चिकटली, म्हणजे आत आहे तरी काय हे कसे ओळखावे? जीभ लावून पाहणे हा अविचार होय, आणि अंदाजाने रोग्यास देणे हा त्याहूनही मोठा अपराध होय. अशा वेळी चिमूटभर पूड घेऊन, तिच्यावर क्ष-किरण सोडून, तिचे नाव सांगण्याची विद्या विसाव्या शतकात मनुष्यास साधली. ह्या विद्येचा पाया ज्यांनी घातला, त्यांत सर विल्यम हेन्री ब्रॅग ह्यांची गणना प्रामुख्याने करावी लागते. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी वाचावे असे वाटण्याचे आणखीही एक कारण आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत हे गृहस्थ केवळ शिक्षक होते. त्यांच्या नावावर एकही महत्त्वाचा शोध नव्हता.

विल्यम ह्याचा जन्म २ जुलै १८६२ रोजी इंग्लंडच्या उत्तरेस कंबरलंड परगण्यात, विग्टन गावाजवळ झाला. वडील पूर्वी व्यापारी जहाजावर अधिकारी होते. पुढे समुद्र सोडून ते शेती करू लागले. आई त्या भागातील एका धर्मोपदेशकाची कन्या होती. विल्यम सात वर्षांचा असतानाच ती वारली, आणि चुलत्यांनी पोरक्या मुलास मार्केट हारबरो ह्या गावी आपल्या घरी नेले. चुलत्यांचे नावही विल्यम ब्रॅगच होते, आणि त्यांचा धंदा औषधविक्रीचा होता. ज्याच्या विद्येने पुढे औषधांची ओळख पटविण्याचे नवे साधन जगास मिळाले, त्याचे बालपण औषधे विकणाऱ्याच्या घरी जावे, हा योग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चुलते शिस्तीचे कडक, परंतु विद्येचे भोक्ते होते. गावातील जुनी शाळा बंद पडली होती. ती त्यांनी खटपट करून पुन्हा सुरू करविली, आणि तिच्या पहिल्या मोजक्या विद्यार्थ्यांत आपल्या पुतण्याचे नाव घातले.

तेराव्या वर्षी विल्यम आइल ऑफ मॅन बेटावरील किंग विल्यम्स कॉलेज ह्या शाळेत गेला. तेथून शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याने गणिताचा असा ध्यास घेतला की, १८८४ च्या अवघड परीक्षेत साऱ्या विद्यापीठात त्याचा तिसरा क्रमांक आला. पुढील वर्षी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठात गणित व पदार्थविज्ञान ह्या दोन्ही विषयांच्या प्राध्यापकाची जागा त्यास मिळाली. अडचण एवढीच होती की, गणित त्यास उत्तम येत होते, पण पदार्थविज्ञानाचा अभ्यास फारच थोडा झाला होता. जहाजावरील दीर्घ प्रवासात ह्या तरुणाने त्या विषयाचे ग्रंथ वाचून काढले, आणि बंदरावर उतरल्यावर तोच विषय तो शिकवू लागला.

ॲडलेड येथे प्रयोगाची साधने तुटपुंजी होती. दुसरा कोणी असता तर सामान नाही म्हणून हात जोडून बसला असता. ब्रॅग ह्यांनी तसे केले नाही. प्राध्यापकाची प्रतिष्ठा बाजूस ठेवून ते उपकरणे बनविणाऱ्या कारागिरांकडे उमेदवारासारखे काम शिकण्यास गेले, आणि आपल्या विद्यार्थ्यांस लागणारी यंत्रे स्वतःच्या हातांनी तयार करू लागले. कानस आणि करवत धरून मिळविलेली ही विद्या पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. १८८९ मध्ये त्यांचा विवाह ग्वेन्डोलिन टॉड ह्यांच्याशी झाला. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणोत्तर ओलांडून जाणारी तारायंत्राची ओळ ज्यांच्या देखरेखीखाली उभारली गेली, त्या चार्ल्स टॉड ह्यांच्या ह्या कन्या. त्यांस लॉरेन्स व रॉबर्ट असे दोन पुत्र व पुढे एक कन्या झाली.

१८९५ च्या अखेरीस जर्मनीत राँटजेन ह्यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. ही वार्ता ऑस्ट्रेलियात पोहोचताच ब्रॅग ह्यांनीही ते किरण उत्पन्न करून पाहिले. त्याच सुमारास लहानगा लॉरेन्स तीनचाकी गाडीवरून पडला आणि त्याच्या कोपराचे हाड मोडले. वडिलांनी आपल्या यंत्राने त्या हाताचे क्ष-किरणचित्र घेतले. त्या खंडात वैद्यकीय उपयोगासाठी घेतलेल्या अगदी पहिल्या चित्रांपैकी ते एक होय. हाड दाखविणारे हे किरण पुढे ह्याच पितापुत्रांस मिठाचा खडा आतून कसा रचलेला आहे हे दाखविणार होते. पण त्यास अजून सोळा-सतरा वर्षांचा अवकाश होता.

इतकी वर्षे ब्रॅग शिकवीत राहिले, व्याख्याने देत राहिले, यंत्रे करीत राहिले. १९०४ मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिन येथे भरलेल्या शास्त्रीय परिषदेत एका विभागाचे अध्यक्ष म्हणून त्यांस भाषण करावयाचे होते. विषय त्यांनी रेडियमसारख्या द्रव्यांतून निघणाऱ्या किरणांचा घेतला. भाषणाची तयारी करिताना इतरांचे लेख वाचता वाचता त्यांच्या मनात शंका उद्भवल्या, आणि त्या शंकांचे निरसन स्वतः प्रयोग करूनच होईल असे त्यांस दिसून आले. एकेचाळीस वर्षांच्या ह्या शिक्षकाने येथून संशोधनास आरंभ केला. आल्फा-कण हवेत किती अंतर जातात हे त्यांनी मोजले. प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्यातून निघणाऱ्या कणांची धाव ठराविक असते, आणि त्या धावेवरून द्रव्य ओळखता येते, असे त्यांस आढळले. तीन वर्षांत, १९०७ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. आणि १९०९ मध्ये ते इंग्लंडात लीड्स विद्यापीठाचे प्राध्यापक झाले.

ह्या काळात क्ष-किरणांच्या स्वरूपाविषयी मोठा वाद चालू होता. काही शास्त्रज्ञ त्यांस प्रकाशासारख्या लहरी मानीत. ब्रॅग ह्यांचे मत उलट होते. हे किरण म्हणजे सूक्ष्म कणांचा झोत होय, असे त्यांनी कित्येक वर्षे हिरिरीने प्रतिपादन केले होते. १९१२ मध्ये म्यूनिक येथे फोन लाउए ह्यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश व क्निपिंग ह्या दोघा तरुणांनी एका स्फटिकातून क्ष-किरण सोडले, तेव्हा मागच्या काचेवर ठिपक्यांची सुरेख नक्षी उमटली. ह्या ठिपक्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न पितापुत्र दोघेही करू लागले. लॉरेन्स तेव्हा बावीस वर्षांचा असून केंब्रिज येथे शिकत होता. अर्थ अचूक लागला तो पुत्रास. आणि तो पित्याच्या मताच्या विरुद्ध, लहरींच्या बाजूचा होता.

लॉरेन्सची कल्पना थोडक्यात अशी आहे. सरळ रांगांनी कपाशी लावलेल्या शेताकडे रस्त्यावरून चालता चालता पाहावे. एका जागेवरून समोरच्या रांगा स्पष्ट दिसतात. थोडे पुढे गेल्यावर त्याच झाडांच्या तिरप्या रांगा दिसू लागतात. स्फटिकातही अणू असेच शिस्तीने, थरांवर थर रचून बसलेले असतात. क्ष-किरणांची लहर ह्या थरांवर पडली म्हणजे प्रत्येक थर आरशाप्रमाणे तिचा थोडासा भाग परत फेकतो. निरनिराळ्या थरांवरून परतलेल्या लहरी एकमेकींशी जुळल्या तर किरण जोरकस होतो; न जुळल्या तर नाहीसा होतो. केव्हा जुळतील हे दोन थरांमधील अंतर आणि किरणाचा कोन ह्यांवर अवलंबून असते. म्हणून कोन मोजला की अंतर कळते. आणि हे अंतर किती, तर एका मिलिमीटरच्या कोट्यंशाच्या जवळपास!

आपले वर्षानुवर्षांचे मत मुलाच्या शोधाने डळमळले, तरी ब्रॅग ह्यांस त्याचा विषाद वाटला नाही. पुरावा मान्य करून त्यांनी आपले सारे हस्तकौशल्य त्याच्या सेवेस लाविले. स्फटिकावरून परतणाऱ्या किरणांचा कोन आणि जोर मोजणारे एक यंत्र त्यांनी लीड्स येथे तयार केले. १९१३ साली ह्या यंत्राने पितापुत्रांनी मिठाची व हिऱ्याची अंतर्रचना उलगडली. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन ह्यांचे अणू, बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणे, एकाआड एक सर्व बाजूंनी बसलेले आहेत, हे मनुष्याने प्रथमच जाणले. पुढे शास्त्राची प्रगती होऊन असेही ठरले की, क्ष-किरणांच्या ठायी लहरीचे आणि कणाचे असे दोन्ही गुण आहेत. तेव्हा पित्याचे मतही सर्वस्वी वाया गेले नाही.

१९१५ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक पितापुत्रांस मिळून देण्यात आले. पितापुत्रांनी एकाच कार्यासाठी ते वाटून घेतल्याचे हे एकमेव उदाहरण होय. लॉरेन्स तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. विज्ञानाच्या शाखांत इतक्या लहान वयात हा मान आजवर दुसऱ्या कोणास मिळालेला नाही. परंतु त्या घरी आनंदाचा दिवा लागला नाही. महायुद्ध पेटले होते, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात धाकटा पुत्र रॉबर्ट गॅलिपोलीच्या मोहिमेत मृत्यू पावला होता. त्याच वर्षी ब्रॅग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, आणि पुत्रशोक पोटात ठेवून समुद्राखालील पाणबुड्यांचा आवाज ऐकण्याची साधने सुधारण्याच्या कामी लागले.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा स्फटिकांकडे वळले. १९२३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचे ते संचालक झाले. एके काळी जेथे फॅरडे ह्यांनी काम केले तीच ही संस्था होय. मीठ आणि हिरा ह्यांची रचना सोपी होती. ब्रॅग ह्यांनी आता कर्बयुक्त द्रव्ये हाती घेतली, आणि आपली बहुतेक औषधे ह्याच वर्गात मोडतात. कपड्यांस कसर लागू नये म्हणून आपण पेटीत ज्या डांबराच्या गोळ्या टाकतो त्यांतील नॅप्थलीन, आणि त्याचाच भाऊबंद अँथ्रासीन, ह्यांच्या स्फटिकांचा अभ्यास त्यांनी १९२१ च्या सुमारास केला. ह्याच पदार्थांतील अणूंच्या जागा अधिक नेमकेपणाने ठरविण्याचे काम १९३० मध्ये कलकत्त्याच्या केदारेश्वर बॅनर्जी ह्यांनी केले, आणि पुढे ते काही काळ ब्रॅग ह्यांच्या प्रयोगशाळेतही राहिले, ही गोष्ट आपणांस अभिमानास्पद आहे. कॅथलीन लॉन्सडेल, बर्नाल, ॲस्टबरी असे पुढे नावारूपास आलेले संशोधकही ह्याच गुरूच्या हाताखाली तयार झाले. स्त्रियांस प्रयोगशाळेत सहसा प्रवेश नसण्याच्या त्या काळात ब्रॅग ह्यांनी त्यांस मोकळ्या मनाने जागा दिली.

आता औषधाच्या बरणीकडे वळू. ब्रॅग पितापुत्रांच्या पहिल्या प्रयोगांस चांगला घडलेला एक स्फटिक लागत असे. औषधालयात मिळते ती पूड. ही अडचण १९१६ मध्ये जर्मनीत डेबाय व शेरर ह्यांनी आणि १९१७ मध्ये अमेरिकेत हल ह्यांनी, एकमेकांच्या कामाची माहिती नसताना, दूर केली. पुडीचा प्रत्येक कण हाही एक अतिसूक्ष्म स्फटिकच असतो. असे असंख्य कण सर्व दिशांस तोंडे करून पडलेले असल्यामुळे, प्रत्येक जातीच्या थरास योग्य कोन साधणारे काही कण त्यांत असतातच. म्हणून पुडीवर क्ष-किरण सोडले म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांची एक मालिका मिळते. कोणती रेघ कोठे पडली हे मोजून ब्रॅग ह्यांच्या नियमाने थरांमधील अंतरे काढता येतात. एका द्रव्याच्या रेघा नेहमी त्याच जागी पडतात, आणि दोन द्रव्यांचे मिश्रण असेल तर दोघांच्याही रेघा आपापल्या जागी उमटतात. मनुष्यास जसा अंगठ्याचा ठसा, तशी स्फटिकरूप द्रव्यास ही रेघांची मालिका. १९३८ मध्ये अमेरिकेतील हानावाल्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी सुमारे एक हजार द्रव्यांचे असे ठसे एकत्र करून, सर्वांत ठळक तीन रेघांवरून नाव शोधण्याची युक्ती सांगितली. आज अशा संग्रहांत लक्षावधी नोंदी आहेत आणि ते जुळविण्याचे काम संगणक करितो.

ह्या पद्धतीचा विशेष गुण आपल्या वैद्यकातील एका उदाहरणाने चांगला कळेल. कज्जली काळी असते आणि रससिंदूर तांबडा. परंतु दोहोंतील मुख्य द्रव्य पारा आणि गंधक ह्यांच्याच संयोगाने झालेले असते. घटक कोणते एवढेच विचारणाऱ्या रासायनिक परीक्षेस दोहोंत फारसा भेद दिसणार नाही. क्ष-किरण मात्र अणूंची मांडणी निराळी आहे हे तत्काळ दाखवितात. मांडणीतील असा फरक औषधाच्या गुणावरही परिणाम करू शकतो. १९९८ मध्ये एड्स रोगावरील रिटोनावीर नावाच्या औषधाच्या कॅप्सूल एकाएकी पूर्वीप्रमाणे विरघळेनाशा झाल्या. द्रव्य तेच होते. पण त्याचे स्फटिक नव्या, कमी विरघळणाऱ्या रूपात तयार होऊ लागले होते. ते नवे रूप ओळखण्यास पुडीचे क्ष-किरण परीक्षणच कामी आले, आणि त्या कॅप्सूल काही काळ बाजारातून काढून घ्याव्या लागल्या.

तथापि प्रत्येक साधनास मर्यादा असते, हेही विद्यार्थ्यांनी विसरू नये. पातळ औषध, किंवा ज्याचे कण शिस्तीने रचलेले नाहीत असे द्रव्य, क्ष-किरणांपुढे रेघांची मालिका उमटवीत नाही. गोळीत औषध थोडे आणि भर घालणारी साखर किंवा पीठ पुष्कळ असेल, तर औषधाच्या रेघा झाकल्या जाण्याचा संभव असतो. म्हणून शहाणा परीक्षक ह्या परीक्षेस इतर परीक्षांची जोड देतो. आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली जी दुःखद घटना घडली, ती ह्या संदर्भात आठवते. ग्लिसरीन म्हणून रोग्यांस दिलेल्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते आणि त्याने चौदा जणांचे प्राण घेतले. पुढे न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ते द्रव्य पातळ असल्यामुळे तेथे ब्रॅग ह्यांची पद्धती नव्हे, तर रासायनिक परीक्षाच उपयोगी पडली असती. साधन कोणतेही असो, चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेच बाटलीत आहे काय, हा प्रश्न रोग्याच्या मुखात औषध पडण्यापूर्वी कोणीतरी विचारलाच पाहिजे.

ब्रॅग ह्यांस सर हा किताब १९२० मध्ये मिळाला, आणि १९३५ ते १९४० पर्यंत ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. एवढ्या मानमरातबातही त्यांच्यातील शिक्षक जागाच होता. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी सप्रयोग व्याख्याने देणे हा रॉयल इन्स्टिट्यूशनचा जुना प्रघात. १९२३ च्या नाताळात ब्रॅग ह्यांनी पदार्थांची घडण हा विषय मुलांस समजेल अशा भाषेत सांगितला. त्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले, आणि ते एका शाळकरी मुलीस तिच्या आईने भेट दिले. ती मुलगी म्हणजे डोरोथी हॉजकिन. ह्या विदुषीने क्ष-किरणांच्याच साहाय्याने १९४५ मध्ये पेनिसिलीनची, पुढे बी-१२ जीवनसत्त्वाची आणि १९६९ मध्ये इन्सुलीनची रचना उलगडली. इन्सुलीनच्या त्या कामात एम. विजयन हे आपल्या देशाचे संशोधकही सहभागी होते. मातेने दिलेले एक पुस्तक किती दूरवर पोहोचते, हे आमच्या पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

मार्च १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, लंडन येथे सर विल्यम ब्रॅग ह्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय एकोणऐंशी वर्षांचे होते. शास्त्र आणि धर्मश्रद्धा ह्यांत त्यांस विरोध दिसत नसे. त्यांची वृत्ती शांत व भाषा सौम्य असे, आणि दुसऱ्याचे श्रेय त्यास देण्यात ते चुकत नसत. किरणांचा तो नियम पुत्राने शोधला, हे त्यांनी आपल्या लेखांत स्पष्टपणे नमूद केले होते.

खापर आणि भोवतालच्या पाड्यांतून शाळेत येणाऱ्या माझ्या विद्यार्थिमित्रांनो, सातपुड्याच्या पायथ्याशी राहून एवढी यंत्रे आपणांस कोठून मिळणार, असे तुमच्या मनात येईल. ॲडलेडच्या त्या तरुण शिक्षकापाशीही यंत्रे नव्हती. ती त्याने केली. जो विषय येत नव्हता तो जहाजावर बसून शिकला, आणि जे मत चुकीच्या बाजूस झुकले होते ते पुरावा दिसताच आवरते घेतले. ह्या तीन गोष्टींस प्रयोगशाळा लागत नाही. पालकांसही एक विनंती आहे. घरातील औषधे एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतू नयेत. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. आणि नाव पुसलेली पुडी, ती तापाचीच असावी असे कितीही वाटले, तरी मुलास देऊ नये. ठाऊक नसलेल्या पांढऱ्या पुडीस नाव देण्याची घाई ब्रॅग ह्यांच्यासारख्या ज्ञात्यानेही केली नाही. त्यांनी आधी मोजले, आणि मगच सांगितले.